भाता, वारा आणि सूर

बारामतीहून इंदापूरकडे जाताना भवानीनगर आणि लासुर्णे मागे पडले की अंथुर्णे लागते. दोन्ही हातांना ऊस, मधून वाहणारे कालव्याचे पाट, आणि गाळपाच्या दिवसांत सकाळी उठावे तो अंगणात कारखान्याच्या धुराड्यातून उडून आलेली काळी काजळी. अशा गावी बसून आम्ही पाइप ऑर्गनविषयी लिहीत आहोत, याचे वाचकांस नवल वाटेल. येथे पाइप ऑर्गन नाही. आहे ती आमच्या माजघरातील एक जुनी पायपेटी. मात्र घरातले सर्वजण तिला 'ऑर्गन' म्हणतात, आणि त्या एका शब्दापायी हा लेख लिहिला जात आहे.

ज्या रविवारी दूरच्या धर्मग्रामास मिस्सेसाठी जाणे होत नाही, त्या रविवारी येथील मोजकी ख्रिस्ती कुटुंबे आमच्याकडे जमतात. शास्त्रवाचन होते, माळेची प्रार्थना होते, गाणी होतात, आणि गाण्यांना साथ याच पेटीची. गेल्या पावसाळ्यात तिचा भाता फाटला. तरुण मंडळींनी सुचविले की आता ही भंगारात द्यावी आणि सर्वांनी वर्गणी काढून कीबोर्ड घ्यावा. त्यात म्हणे 'चर्च ऑर्गन' या नावाचे एक बटणच असते. सूचना गैर नव्हती. फाटक्या भात्याच्या पेटीवर किती दिवस गाणार? पण ते बटण दाबल्यावर जो आवाज निघतो तो मुळात कशाचा, आणि माजघरातल्या या पेटीशी त्याचे नाते काय, हे कोणासच सांगता येईना. आम्हांसही नीट सांगता आले नाही. म्हणून शोध सुरू केला.

ऑर्गन हे वाद्य ख्रिस्तसभेपेक्षा वयाने मोठे आहे. प्रभू येशूच्या जन्मापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत टेसिबियस नावाचा एक यंत्रज्ञ होऊन गेला. पाण्याच्या भाराने हवेचा दाब स्थिर राखावयाचा आणि ती हवा नळ्यांत सोडून सूर काढावयाचे, ही युक्ती त्याची. पुढे रोमन लोकांनी हे वाद्य उचलले, आणि ते वाजविले कोठे, तर आखाड्यात! शस्त्रधारी मल्ल एकमेकांशी झुंजत असताना प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी ऑर्गन घुमत असे. ज्या आखाड्यांत आद्य ख्रिस्ती लोकांनी छळ सोसला, त्यांच्या आठवणीशी जोडलेले हे वाद्य सुरुवातीच्या ख्रिस्तसभेला आपले वाटले नाही, यात आश्चर्य ते काय? कित्येक शतके उपासनेत केवळ मानवी कंठ होता.

इ. स. ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या पाचव्या कॉन्स्टंटाइन सम्राटाने फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास एक ऑर्गन भेट म्हणून धाडला. तो राजदरबारचा नजराणा होता, देवघरासाठी नव्हता. परंतु त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत पश्चिम युरोपातील मठवासी संन्याशांनी हे वाद्य हळूहळू मंदिरात आणले, त्याची बांधणी सुधारली, आणि अखेर लोकांना असे वाटू लागले की ऑर्गन जणू वेदीबरोबरच जन्माला आला. आखाड्यातून वेदीपर्यंतची ही वाटचाल आम्ही मुद्दाम सांगत आहोत. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

हे वाद्य चालते तरी कसे? मोठमोठ्या कॅथेड्रलांतील हजारो नळ्यांचे ऑर्गन डोळ्यांपुढे आणले तर डोके गरगरते. त्यापेक्षा एखाद्या लहान चर्चमधला, कपाटाएवढा ऑर्गन घ्यावा: एक कळपट, पन्नासेक पट्ट्या आणि चार खुंट्या. आमच्या भागातील शेतकरी कुटुंबांना तो समजावून सांगण्यास नीरा डाव्या कालव्यापेक्षा चांगले उदाहरण नाही. कालव्यात पाणी एका पातळीवर धरलेले असते. त्यातून चाऱ्या फुटतात, चारीवर दारे असतात, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या शिवारात दार उघडून पाणी घेतले जाते. ऑर्गनमध्ये पाण्याऐवजी वारा असतो. भात्याने तो भरला जातो आणि वजने ठेवलेल्या दुसऱ्या मोठ्या भात्यात साठविला जातो, म्हणजे भाता मारणाऱ्याचा हात कमी-जास्त पडला तरी दाब ढळत नाही. साठलेला वारा एका हवाबंद लाकडी पेटीत येतो. वादकाने पट्टी दाबली की पेटीतील एक झडप उघडते आणि वारा त्या सुराच्या चारीत शिरतो. वादक म्हणजे दारे धरणारा गडीच म्हणा. फक्त त्याला एका वेळी दहा बोटांनी दारे धरावी लागतात.

आता त्या चारीवर एकच नळी नसते. चार खुंट्यांचा ऑर्गन असेल तर प्रत्येक सुरासाठी चार नळ्या उभ्या असतात आणि चौघींचा आवाज वेगळा असतो. त्यांपैकी कोणती बोलावी हे खुंटी ठरविते. खुंटी ओढली की नळ्यांच्या रांगेखाली असलेली भोके पाडलेली लाकडी पट्टी सरकते, भोकाखाली भोक येते आणि त्या रांगेला वारा मोकळा होतो. खुंटी आत ढकलली की ती रांग गप्प. अशा प्रकारे चार रांगा आणि पन्नास पट्ट्या मिळून दोनशे नळ्या होतात. लहान ऑर्गन म्हणतात तो हा.

नळ्यांच्या जाती मुख्यतः दोन. पहिली जात बासरीची किंवा शिट्टीची. तोंडाशी असलेल्या फटीतून वारा निघून धारेवर आपटतो आणि नळीतील हवेचा स्तंभ कंप पावतो. या नळ्या कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाच्या किंवा लाकडाच्या असतात. दुसऱ्या जातीत नळीच्या बुडाशी पितळेची एक पातळ जीभ खाचेवर आपटत राहते. गारुड्याच्या पुंगीत हीच युक्ती असते. नळी जितकी लांब तितका सूर खाली, आणि लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो. उघड्या नळीचा सर्वांत खालचा सूर काढायचा तर आठ फूट लांबी लागते, आणि त्याच ऑर्गनमधील सर्वांत वरची नळी करंगळीएवढी असते. आठ फुटांची नळी लहान चर्चमध्ये मावणार कशी? त्यावरही तोड आहे. नळीचे वरचे तोंड बुचाने बंद केले की सूर एक सप्तक खाली उतरतो, म्हणून चार फुटांच्या बंद नळीत आठ फुटांचे काम भागते. गरीब धर्मग्रामांचे ऑर्गन या बुचांवरच उभे राहिले आहेत.

एक गोष्ट मात्र आम्हांस सर्वांत विस्मयकारक वाटली. एवढा गंभीर आवाज करणाऱ्या या वाद्याला वाऱ्याचा दाब फार थोडा लागतो. काचेच्या वाकड्या नळीतील पाणी अडीच-तीन इंच वर ढकलले जाईल, इतकाच. जत्रेतला फुगा फुगविताना लहान मूल याहून अधिक जोर लावते. जोर कमी असला तरी दाब सारखा राहिला पाहिजे, ही या वाद्याची अट आहे. विजेचे पंखे येईपर्यंत, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, हा दाब राखण्यासाठी ऑर्गनच्या मागे कोणीतरी भाता मारीत उभा असे, आणि चर्चमधील लोकांना तो दिसतही नसे. वादकांची नावे इतिहासात आहेत. भाता मारणाऱ्यांची नाहीत.

हे वाद्य आपल्या देशात केव्हा आले? १५०० साली पोर्तुगीज सेनापती काब्राल याच्या आरमाराबरोबर जे फ्रान्सिस्कन संन्यासी हिंदुस्थानाकडे निघाले, त्यांत माफेऊ नावाचे एक धर्मगुरू ऑर्गनवादक होते. पुढे गोवा पोर्तुगीजांच्या हाती आल्यावर तेथील चर्चमध्ये ऑर्गन घुमू लागले. त्याची कीर्ती उत्तरेत अकबर बादशहाच्या कानी गेली होती की काय न कळे; पण १५७५ मध्ये बादशहाने हाजी हबीबुल्ला यास तेथील नवलाईच्या वस्तू व कसबे आणण्यासाठी गोव्यास पाठविले, आणि त्याने आणलेल्या वस्तूंत एक ऑर्गनही होता. दरबारी इतिहासकार बदायुनी याने त्याचे वर्णन करून ठेवले आहे. माणसाच्या उंचीची एक मोठी पेटी; आत बसून एक फिरंगी वाजवितो; बाहेर उभे असलेले दोघे मोराच्या पंखांसारख्या पाच वस्तूंना हात लावीत राहतात; आणि त्यातून नाना प्रकारचे नाद उमटतात. हे मोरपंख म्हणजे काय, यावर विद्वानांनी तर्क केले आहेत. आम्हांस विचाराल तर ते भातेच असावेत, आणि ते दोघे भाता मारणारे. बदायुनी हा कट्टर आणि कडवट स्वभावाचा लेखक, त्याला फिरंग्यांचे प्रेम नव्हते; तरीही त्याने भाता मारणाऱ्यांची दखल घेतली, एवढ्यासाठी त्याचे आभार मानावेत असे वाटते.

ऑर्गनच्या नळ्या हिंदी मातीत आणखी एका अजब ठिकाणी सापडतात. टिपू सुलतानाचा लाकडी वाघ पुष्कळांनी चित्रांत पाहिला असेल: खाली पडलेल्या गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर इंग्रजांनी तो नेला, आणि आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या वाघाच्या पोटात अठरा पट्ट्यांचा एक लहानसा पाइप ऑर्गन बसविलेला आहे. इंग्रजांच्या देवळातले वाद्य इंग्रजाला फाडणाऱ्या वाघाच्या पोटात! सुलतानाच्या विनोदबुद्धीला दाद द्यावीशी वाटते.

पुन्हा गोव्याकडे वळू. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू तेथे आले. त्यांच्या 'क्रिस्तपुराणा'विषयी या नियतकालिकाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. १६१६ मध्ये रायतूर येथे ते छापले गेले. त्या काळच्या उपासनेचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. वेदीवर लॅटिन मिस्सा चाले आणि तिला साथ ऑर्गनची. मिस्सा संपली की लोक आपल्या भाषेत पुराण ऐकत आणि ओव्या गात. एकाच छताखाली दोन प्रवाह वाहत होते. ऑर्गन लॅटिनचा होता आणि ओवी मराठीची. दोहोंची गाठ पडली नाही. ओवीला साथ करावी असे ऑर्गनला कोणी सांगितले नाही, आणि खरे तर ते त्याला जमलेही नसते. ओवीचा सूर लवतो, घसरतो, दोन स्वरांच्या मधल्या जागेत रमतो. नळी एकदा कापली की तिचा सूर कायमचा ठरला.

गोव्यात धर्मग्रामाच्या शाळांतून 'मेस्त' म्हणून ओळखला जाणारा गानशिक्षक मुलांना स्वरलेखन, गायन आणि वाद्ये शिकवीत असे. या परंपरेतूनच पुढे मुंबईच्या बँडांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे वादक शिरले. उत्तरेकडे वसईत पोर्तुगीजांचा अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशे वर्षांहून अधिक होता. चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी आपल्या मुलखात नेल्या, आणि त्या काळच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरास आणि वाईजवळ मेणवलीस आजही पाहावयास मिळतात. घंटा ओतीव धातूची. तिने धर्म बदलला तरी आवाज बदलत नाही. ऑर्गनचे तसे नाही. तो लाकूड, चामडे, सरस आणि मऊ शिसे यांचा बनलेला. एकदा भाता मारणारा निघून गेला की वाळवी, उंदीर आणि कोकणचा पाऊस त्याला वीस-पंचवीस वर्षेही टिकू देत नाहीत.

हवामानाचे हे दुखणे फार मोठे आहे. पाऊसकाळात लाकूड फुगते आणि सरकपट्ट्या अडकतात. उन्हाळ्यात तेच लाकूड आकसते, पेटीला चिरा जातात आणि वारा भलत्याच चारीत शिरून न दाबलेले सूर आपोआप रडू लागतात. कालवा फुटला की शेजाऱ्याच्या रानात पाणी जावे तसेच हे. शिवाय दुरुस्तीचा कारागीर सातासमुद्रांपलीकडे. म्हणूनच आपल्याकडे पाइप ऑर्गन उभे राहिले ते जेथे पैसा आणि पलटणी होत्या अशा मोठ्या शहरांत. मुंबईस कुलाब्याच्या वाटेवर १९०५ साली बांधले गेलेले होली नेम कॅथेड्रल आहे, तेथे पाइप ऑर्गन आहे. दख्खनच्या खेड्यांतील धर्मग्रामांना असली चैन परवडणारी नव्हती.

परवडले नाही एवढेच कारण पुरे आहे का, असा प्रश्न मात्र आम्हांस पडतो. फिलिपाइन्समध्ये लास पिन्यास नावाचे गाव आहे. तेथील स्पॅनिश धर्मगुरू फादर दिएगो सेरा यांच्यापुढेही हेच संकट होते: गरीब धर्मग्राम, दमट हवा आणि किडे. त्यांनी धातूच्या जागी बांबू वापरला. किडीपासून वाचविण्यासाठी तो बांबू समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला, आणि १८१६ ते १८२४ या काळात १०३१ नळ्यांचा ऑर्गन उभा केला. त्यांतील ९०२ नळ्या बांबूच्या. भूकंप आणि वादळे सोसून जीर्ण झालेला तो ऑर्गन १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीतील बॉन येथे नेण्यात आला आणि १९७५ मध्ये परत येऊन पुन्हा वाजू लागला. मावळात आणि कोकणात कळकाची बेटे आपल्याकडे काय कमी होती? पण फादर सेरा मिळावे लागतात.

आपल्याकडे जी तोड निघाली ती निराळ्याच बाजूने आली. पितळेची जीभ खाचेवर न आपटता खाचेतून आरपार झुलली तर तिला नळीची गरजच उरत नाही. तिची लांबी-जाडीच सूर ठरविते. चीनमधील शेंग नावाच्या तोंडाने वाजविण्याच्या वाद्यात ही युक्ती अतिप्राचीन काळापासून होती. युरोपीय कारागिरांनी ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उचलली, आणि १८४० मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर देबेन याने आपल्या वाद्याचे पेटंट घेऊन त्यास 'हार्मोनियम' हे नाव दिले. आठ फुटांच्या नळीचे काम आता बोटभर पितळी पट्टी करू लागली. चर्चमधील कपाट घरातल्या टेबलाएवढे झाले. अमेरिकेत याचाच एक भेद निघाला. हार्मोनियममध्ये भाता वारा आत दाबतो, तर अमेरिकन पायपेटीत तो वारा बाहेर ओढून घेतो, त्यामुळे आवाज अधिक मवाळ येतो. एस्टी या एकाच अमेरिकन कारखान्याने अशी पाच लाखांवर वाद्ये बनविली. धर्मगुरू, मिशनरी, साहेबलोक यांच्याबरोबर ती जहाजांतून जगभर गेली आणि आपल्याकडेही आली.

यानंतर मराठी मुलखात जे घडले ते वाचताना आम्हांस त्या रोमन आखाड्याची वारंवार आठवण झाली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि संगीत रंगभूमीचे पर्व सुरू झाले. पाहता पाहता ऑर्गन आणि पेटी या रंगभूमीचे श्वास बनले. गोविंदराव टेंब्यांसारख्या कलावंताने पेटीला मैफलीत मान मिळवून दिला. बालगंधर्वांच्या गाण्यामागे ऑर्गन भरून राहिलेला असे. दरम्यान कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी पेटीचे पाय काढून तिला जमिनीवर बसविले. एका हाताने भाता, दुसऱ्याने सूर. मांडी घालून गाणाऱ्या देशाला मांडी घालून वाजविता येईल असे वाद्य मिळाले, आणि ते दिंडीपासून तमाशापर्यंत सगळीकडे पोहोचले.

चर्चमध्ये मात्र त्याच्याकडे साशंकतेने पाहिले जाई. १९०३ मध्ये, संत सिसिलियाच्या सणादिवशी, २२ नोव्हेंबरला, परमगुरू दहावे पायस यांनी उपासनेतील संगीताविषयी आदेश काढला. त्यात ऑर्गनला स्थान होते. पियानो आणि गोंगाटी वाद्ये यांना मज्जाव होता. योगायोग असा की त्याच १९०३ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील केंदळ येथे फादर हेन्री डोरिंग यांनी 'निरोप्या' सुरू केला. एकीकडे रोममधून नाटकी संगीत मंदिराबाहेर ठेवण्याचा आदेश, आणि दुसरीकडे मराठी खेड्यांतील भाविकांशी त्यांच्या भाषेत बोलू पाहणारे मासिक. दोन्ही गोष्टी एकाच ख्रिस्तसभेच्या.

आमच्या घरच्या पेटीची हकिकत याच ठिकाणी येते. टॉकीजच्या लाटेत नाटक मंडळ्या बुडू लागल्या तेव्हा आमच्या आजोबांनी ही पायपेटी एका बुडालेल्या कंपनीच्या सामानातून अल्प किमतीत घेतली, असे घरात सांगत आले आहेत. १९३२ मध्ये आलेल्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात हरिश्चंद्राची भूमिका आणि संगीत गोविंदराव टेंब्यांचे, म्हणजे पेटीच्या बादशहानेच पेटीच्या घराला टाळे लावण्यास हात दिला म्हणावयाचा! पेटी घरी आली तेव्हा थोरल्या आजींनी तिला प्रार्थनेच्या खोलीत येऊ दिले नाही. 'नाटकवाल्यांची पेटी देवापुढे कशाला?' हा त्यांचा सवाल होता. कित्येक वर्षे ती ओसरीवर धान्याच्या कणग्यांशेजारी राहिली. आजींचा सवाल आम्ही हसण्यावारी नेत असू. आता इतिहास वाचल्यावर कळते की आद्य ख्रिस्ती लोकांनीही आखाड्यातल्या ऑर्गनविषयी हाच सवाल केला होता, आणि तो हसण्यासारखा नव्हता.

पेटीवर आक्षेप केवळ आजींचाच होता असेही नाही. तिचे सूर युरोपीय पद्धतीने समान अंतरांवर बांधलेले असतात, तिच्यावर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, अशी जाणकारांची तक्रार होती. १९४० पासून आकाशवाणीने तिला बंदी केली, आणि ती उठू लागली १९७१ मध्ये. ओवी आणि नळी यांचे जुने भांडण येथे पुन्हा उभे राहिले, असे आम्हांस वाटते. भांडण खरे आहे. पेटी ओवीच्या सर्व जागा घेत नाही. पण ती गाणाऱ्याला आधार देते, मंडळींना एका सुरात बांधते आणि मधल्या जागा गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडून देते. मोठा ऑर्गन इतका भरून बोलतो की गळ्याला जागा उरत नाही. खेड्यातल्या पंधरा-वीस माणसांच्या प्रार्थनेला हा फरक फार मोलाचा असतो.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा उपासनाविषयक दस्तऐवज प्रसिद्ध झाला. त्याच्या १२० व्या कलमात पाइप ऑर्गनचा लॅटिन ख्रिस्तसभेतील परंपरागत मान कायम ठेवून, त्या त्या प्रदेशातील अधिकाऱ्यांच्या संमतीने आणि पवित्र कार्यास शोभतील अशी इतर वाद्येही चालतील, असे म्हटले आहे. त्यानंतर मिस्सा मराठीत आली. मराठी गाणी आली, आणि त्यांच्याबरोबर पेटी, तबला, झांजा. स्टीफन्सच्या काळात एका छताखाली वेगळे वाहिलेले दोन प्रवाह साडेतीनशे वर्षांनी एकत्र मिळाले. आमच्या घरातही त्याच सुमारास पायपेटी ओसरीवरून माजघरात आली. आजींचा विरोध मावळला की त्यांचे वय झाले होते, हे सांगणे कठीण.

आता फाटलेल्या भात्याकडे. तरुण मंडळींपुढे आम्ही हे सारे मांडले, तेव्हा त्यांतील एकाने रास्त प्रश्न केला: इतिहास ठीक आहे, पण पेटी वाजणार का? मग एका जुन्या कारागिरास बोलाविले. त्याने मागची फळी काढली आणि आम्हां सर्वांना आत पाहू दिले. आयुष्यभर जिच्यापुढे गायलो तिचे अंतरंग आम्ही प्रथमच पाहिले. भात्याचे चामडे घड्यांवर तडकलेले. एका कोपऱ्यात उंदराने स्तोत्रांच्या वहीची पाने कुरतडून केलेले घरटे. आणि पितळी जिभांच्या खाचांत बारीक काळी पूड: अंगणात पडते तीच कारखान्याची काजळी, कित्येक हंगामांची. तीन सूर मुके होते ते तिच्यामुळेच. कारागिराने एकेक जीभ आकड्याने ओढून काढली, मऊ कुंचल्याने साफ केली आणि तोंडाने फुंकून पाहिली. फुंकर घालताच हाताच्या बोटाएवढी ती पट्टी गंभीरपणे बोलली आणि मुले थक्क झाली.

त्याने खुंट्याही समजावून सांगितल्या. हातपेटी बनविणारे खर्ज, नर आणि मादी असे सुरांचे जे संच सांगतात, ते एकमेकांहून एकेक सप्तक वर असतात. मोठ्या ऑर्गनवर सोळा फुटी, आठ फुटी आणि चार फुटी अशा ज्या रांगा असतात त्यांचेच हे धाकटे रूप. पट्टी दाबल्यावर वरच्या सप्तकातील पट्टी आपोआप दाबली जाण्याची जी सोय काही पेट्यांना असते, तीही ऑर्गनकडूनच आलेली. कारागिराने चर्चमधील पाइप ऑर्गन कधी पाहिलेला नव्हता. तरी त्याच्या बोटांना त्याचे शरीरशास्त्र पाठ होते.

कीबोर्ड घेण्याचे आम्ही थांबविलेले नाही. वर्गणी जमत आहे आणि मुलांना त्याची हौस आहे. ते वाद्य शिकून ती पुढे जातील तर आम्हांस आनंदच होईल. 'चर्च ऑर्गन' या बटणात कोठल्या तरी दूरच्या देवळातील नळ्यांचा आवाज साठवलेला असतो. तो ऐकायला गोड लागतो. पण त्याला भाता नाही, आणि वीज गेली की तो सुराच्या मध्येच थांबतो. आमच्याकडे वीज जाते.

भात्याला नवे चामडे लावून झाले त्या रविवारी संध्याकाळी तशीच ती गेली. कंदील लावून प्रार्थना चालू ठेवली. पेटीवर आमची पुतणी बसली होती. तिचे पाय पायट्यांपर्यंत नीट पोहोचत नव्हते, म्हणून तिच्या धाकट्या भावाने खाली बसून दोन्ही हातांनी पायटे दाबण्याचे काम घेतले. अंधारात तो कोणालाच दिसत नव्हता. गाणे चांगले झाले. खर्जातील एक सूर अजून जरा उशिरा बोलतो. त्यासाठी कारागीर दिवाळीनंतर पुन्हा येणार आहे.